ओळी पुरवणारी

असं समजा, मुलांनो, की तुम्ही एका जाड काळ्या झग्याखाली उभे आहात. झगा मोठ्या माणसाचा आहे, तो तुमच्या पायांपुढे हातभर लोळतोय. आत लोकरीचा आणि जुन्या तंबाखूचा वास येतोय. समोर दोन बोटांची फट आहे, पण तिच्यातून कुणाचं तोंड दिसत नाही, फक्त पाठी दिसतात. सात पुरुषांच्या सात पाठी. तुम्ही हळूच म्हणता, "अरेरे, माझं नशीब!" की लगेच तुमच्या पुढची पाठ गडगडते, "अरेरे, माझं नशीब!" आणि पलीकडे सगळं गाव खो खो हसतं. तुम्ही गप्प राहिलात तर पाठही गप्प राहते.

मजा आहे ना? फियोरूलालाही तसंच वाटायचं. ती दहा वर्षांची होती, आणि त्या वर्षी गावातल्या नाटकाला ओळी पुरवायचं काम तिच्याकडे आलं होतं.

आमच्या झाकिंथोस बेटावर कार्निव्हलच्या शेवटच्या रविवारी गावोगाव भर चौकात नाटक होतं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मोठा उपवास सुरू होतो. म्हणून काय हसायचं ते त्या दिवशी हसून घ्यायचं. नट सगळे पुरुष असतात. नवरीसुद्धा पुरुषच, आणि सगळ्यांच्या तोंडावर कागदाचे मुखवटे. बोलणं सगळं यमकात. पण पाठांतराला वेळ कुणाला? फेब्रुवारीपर्यंत ऑलिव्ह उतरवायचे असतात, घाणे चालतात, आणि निम्म्या नटांना वाचता येत नाही. म्हणून एक जण झगा पांघरून, वही घेऊन, बोलणाऱ्याच्या पाठीमागे फिरतो आणि अर्धी अर्धी ओळ कानात घालतो. त्या दिवशी या माणसाला कुणी नमस्कार करत नाही, हाक मारत नाही. तो तिथे नाहीच असं सगळे धरून चालतात.

आणखी एक रीत आहे, तीही आताच सांगतो, कारण पुढे ती लागणार आहे. मुखवट्यातून आलेल्या शब्दाला उघड्या तोंडाने उत्तर द्यायचं नाही. मुखवटा कुणाच्याही नाकावर, पोटावर, कंजूषपणावर बोलू शकतो. ज्याच्यावर बोलला त्याने हसून घ्यायचं. उघड्या तोंडाने जो चिडला त्याने ते कबूल केलं, असं गाव समजतं.

नाटक लिहायचे फियोरूलाचे बाबा, जानेतोस चांभार. जोड्याला खिळे ठोकता ठोकता ते यमकं जुळवत, आणि हातोडीच्या तालावर मोठ्याने म्हणत. पूर्वी ओळी तेच पुरवायचे. पण दोन वर्षांपासून त्यांचे डोळे अधू होत चालले होते. घरात कुणी तसं म्हणत नसे. आंजुलीना आत्या म्हणायची, "हल्ली दिव्याच्या वातीच खराब येतात." बाबा म्हणायचे, "हो ना, अगदीच खराब." आणि वही मुकाट्याने फियोरूलाच्या हातात यायची.

त्या वर्षीचं नाटक होतं दोन शेजाऱ्यांचं. त्यांच्यात एक कुंपण, आणि कुंपणावरून भांडण. एक नवरदेव, एक नवरी, दोघंही हट्टी. मग गावातली म्हातारी दाई नवरीला सांगते, "तो बिचारा तुझ्यासाठी रात्रभर रडतो." आणि त्याला सांगते, "ती पोरगी तुझ्या नावाने उपाशी राहते." दोन्ही साफ खोटं! पण दोघं विरघळतात, लग्न ठरतं. तेवढ्यात एक दलाल येऊन नवरदेवाच्या कानात विष ओततो, की नवरी तुला मैत्रिणींत हसते. लग्न मोडायला येतं. शेवटी दलालाचं बिंग फुटतं आणि त्याला पिठाच्या पिंपात बुडवतात. दाईला मात्र लग्नात पहिलं ताट मिळतं.

वही उतरवून घेताना फियोरूला थांबली.

"बाबा, दाईपण खोटंच बोलते."

"बोलते."

"मग पिठात एकट्या दलालालाच का?"

बाबांनी तोंडातले खिळे काढून हातावर घेतले. मुलीने प्रश्न विचारला की ते काम थांबवायचे, ही त्यांची चांगली खोड होती.

"हे बघ. सिओरा कातेरिनाचा एक पाय लहान आहे, तर मी तिच्या जोड्यात आतून कातड्याचा एक तुकडा घालतो. बाहेरून जोडे सारखे दिसतात. म्हणजे ते माप खोटंच की नाही?"

"खोटंच."

"पण बाई चालते. आता मीच जर रागाने आत एक खिळा उभा ठेवला, तर तोही बाहेरून दिसायचा नाही. दोन्ही लपवलेलंच. पण एकाने माणूस चालतो, दुसऱ्याने लंगडतो. खोटं कुणी ऐकवलं, का ऐकवलं, ते बघायचं."

फियोरूलाला हे फार आवडलं. इतकं सोपं होतं तर!

नवरीचं काम होतं मारिनोसकडे. हा ऑलिव्हच्या घाण्यावर काम करायचा. चाळिशीचा, ताडासारखा उंच, भरघोस मिशांचा, बायको जाऊन सहा वर्षं झालेला. त्याला लग्नाचा झगा शिवायचं काम आत्याकडे आलं. आत्या चौतीस वर्षांची होती. वहिनी वारल्यापासून भावाचं घर तीच चालवत होती. मध्यंतरी बंदरावरचा जकातीचा एक कारकून तिच्यासाठी दर रविवारी यायचा. मग त्याची बदली झाली. पत्र लिहीन म्हणाला होता. आलं नाही.

मारिनोस मापाला आला तेव्हा फियोरूला टाचण्यांची डबी धरून बसली होती. (आमच्याकडे बाईला सिओरा म्हणतात आणि मोठ्या पुरुषाला बार्बा.)

"हात वर," आत्या टाचण्या दातांत धरून म्हणाली.

"आणखी वर केले तर छप्पर लागेल, सिओरा आंजुलीना."

"मग खाली वाका. नवरी एवढी उंच नसते."

"आणि मिशा असतात का नवरीला?"

"मुखवट्याखाली काय आहे ते नवऱ्याने लग्नानंतर बघावं."

मारिनोस एवढ्या जोरात हसला की टाचणी त्याच्या बरगडीत गेली. आत्याही हसली. फियोरूलाने तिला असं हसताना बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. पण मग झगा उतरवला. त्याने टोपी हातात फिरवली. तिने दोरा गुंडाळला. "येतो." "या." संपलं.

फियोरूलाला वाटलं, हे तर आपल्या नाटकातलं कुंपण!

दुसऱ्या दिवशी ती आत्याला म्हणाली, "आत्या, बार्बा मारिनोस म्हणत होते, असे टाके त्यांनी शहरातसुद्धा बघितले नाहीत."

"त्याला टाक्यातलं काय कळतंय? ऑलिव्हच्या गोणी शिवणारा माणूस." आत्या फणकारली. पण दुपारी तिने झग्याची कॉलर उसवली आणि पुन्हा बारीक टाक्यांनी शिवली.

मग फियोरूला घाण्यावर गेली. मारिनोसला वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्याच्या ओळी त्याच्या कानावर घालायचं निमित्त होतंच.

"बार्बा, घाणा थांबला ना, की आत्या खिडकीशी येते."

"कशाला?"

"तुम्ही जाता ना तिथून."

मारिनोसने हातातलं फडकं खाली ठेवलं, परत उचललं. "काहीतरीच," तो म्हणाला. पण त्या दिवसापासून घरी जाण्याआधी तो घाण्यावरच तोंड धुऊ लागला, मिशांना पाणी लावू लागला.

खोटं हे कोंबडीसारखं असतं. एकदा घरात आणलं की रोज दाणे टाकावे लागतात. फियोरूलाने रोज टाकले. "ते म्हणाले, निळा रुमाल तुला शोभतो, तू बांधत का नाहीस?" आत्याने पेटीच्या तळातून निळा रुमाल काढला. "आत्या म्हणाली, तुमचं हसणं रस्त्याच्या टोकाला ऐकू येतं." मारिनोस खिडकीखालून जाताना उगाचच मोठ्याने हसू लागला, एकटाच.

आणि मग असं झालं की घाणा थांबला की आत्या खरंच खिडकीशी येऊन बसू लागली. शिवण हातात, निळा रुमाल डोक्याला. तो खालून म्हणायचा, "काय सिओरा, माझा झगा कुठवर आला?" ती वरून म्हणायची, "बाही राहिलीय. हात जरा कमी लांब आणले असते तर कालच झाला असता." फियोरूला जिन्यावर बसून गुडघ्यात तोंड घालून हसायची. खोट्याचं खरं झालं होतं, आणि तिने ते एकटीने केलं होतं.

कार्निव्हलच्या शेवटच्या आठवड्यात मारिनोस बाबांना म्हणाला, "बार्बा जानेतोस, रविवारी नाटक झालं की जरा घरी येईन म्हणतो. बोलायचंय." काय बोलायचंय हे सांगायची गरज नव्हती. उपवासात शब्द देत-घेत नाहीत. रविवारी शब्द झाला तर ईस्टरनंतर लग्न. आत्याने त्या दिवशी घरातली सगळी भांडी दोनदा घासली.

पण गावात वित्तोरोस होता. नाटकात दलालाचं काम यालाच होतं. त्याला एक बहीण होती, लुकीना, आणि मारिनोसने तिला मागणी घालावी असं वित्तोरोसला फार दिवसांपासून वाटत होतं. फियोरूला रोज घाण्यावर जाते हे त्याने पाहिलं. आणि शनिवारी त्याने मारिनोसला गाठलं.

शनिवारी दुपारी फियोरूला उड्या मारत घाण्यावर गेली, तर मारिनोसने तिला दगडी जात्याजवळ बसवलं. तोंड धुतलेलं नव्हतं.

"पोरी, एक विचारतो. खरं सांगशील?"

"हो."

"वित्तोरोस म्हणतो, तुझी आत्या तुला पढवून पाठवते. त्या जकातवाल्यालाही तिने असंच कुणाच्या तरी हातून धरायला बघितलं म्हणे. आणि बायकांत बसून सांगते, घाण्यावरचा बैल दोन गोड शब्दांत वळला." त्याचा आवाज नेहमीचाच होता, पण तो तिच्याकडे न बघता जात्याकडे बघत होता. "मला त्याचं काही पटत नाही. तूच सांग. ते खिडकीचं, हसण्याचं... तुला कुणी पाठवलं होतं?"

आता तुम्ही सांगा मुलांनो, तुम्ही काय बोलला असता?

"आत्याने पाठवलं" म्हणावं, तर वित्तोरोसचं खोटं खरं होतं. "कुणी नाही, मीच" म्हणावं, तर आत्या त्या दिवशी खिडकीशी आलीच नव्हती, आणि मारिनोस एवढे दिवस एका पोरीच्या थापेवर मिशांना पाणी लावत होता. आणि आता ती खरंच त्याच्यासाठी येऊन बसते हे कसं सांगायचं? आधी नव्हतं, मग झालं, हे कोण मानेल? फियोरूलाने तोंड उघडलं. रोज सात माणसांना ओळी पुरवणाऱ्या पोरीला एक ओळ सुचेना.

मारिनोस थांबला.

"बरं," तो म्हणाला आणि उठला.

ती धावत घरी आली. बाबा मुखवट्यांना दोरे लावत होते. आत्या झगा घेऊन शेजारी गेली होती. फियोरूलाने सगळं सांगितलं. टाके, खिडकी, निळा रुमाल, हसणं, आणि ते "बरं". बाबांनी दोरा खाली ठेवला.

"म्हणजे तो काही म्हणालाच नव्हता?"

"नाही."

"आणि ही?"

"नाही. पण बाबा, मी दाईसारखं केलं. कातड्याच्या तुकड्यासारखं."

"ते मी नाटकातलं सांगत होतो, बाळा."

"नाटकातलं वेगळं असतं?"

बाबांनी डोळे चोळले. "नाटकात दाईला कुणी विचारत नाही, की तुला हे कुणी सांगितलं. मी तशी ओळच लिहिली नाही." मग ते म्हणाले, "मी जाऊन बोलतो मारिनोसशी."

"काय सांगाल?"

"सांगेन की..." ते थांबले. पोरगी खोटं बोलली म्हणावं, तर बहीण त्याच्यासाठी कधी खिडकीत आलीच नव्हती असं होतं. बहिणीचं मन आहे म्हणावं, तर तिच्या वतीने भाऊ भीक मागायला आला असं होतं. त्यांचा हात दोऱ्यावर चाचपडत राहिला.

"आत्याला सांगू का मी?" फियोरूलाने विचारलं.

"नको. ती बघितलीस ना आठवडाभर कशी... नको." मग, "किंवा सांग. मला कळत नाही ग."

मोठ्या माणसाने असं म्हटलेलं फियोरूलाने पहिल्यांदाच ऐकलं. तिने आत्याला सांगितलं नाही. मारिनोस रागावून का होईना, उद्या नाटकाला तर येईल. आणि आला की कदाचित... एवढ्यावर ती राहिली.

रविवारी दुपारी चौकात दोर बांधून गोल केला होता. गच्चीवर, पायऱ्यांवर, गाढवांच्या पाठीवर माणसं. आत्या बाबांच्या दुकानावरच्या आपल्या घराच्या खिडकीत उभी होती, निळा रुमाल बांधून. मारिनोस आला. कबूल केलेलं काम आमच्याकडे मोडत नाहीत. लग्नाचा झगा घातला, नवरीचा गुलाबी गालांचा मुखवटा बांधला आणि काळ्या झग्याखाली उभ्या असलेल्या फियोरूलाकडे पाठ करून उभा राहिला. बरगडीजवळ आत्याचे बारीक टाके तिला हातभर अंतरावर दिसत होते.

ती ओळी पुरवत गेली. दाईची ओळ तिने दाई झालेल्या न्हाव्याच्या कानात घातली, "बिचारा रात्रभर रडतो गं," आणि न्हावी घोगऱ्या आवाजात बोलला, आणि गाव हसलं. दलालाची ओळ तिने वित्तोरोसच्या कानात घातली. गोड खोटं आणि विषारी खोटं, दोन्ही तिच्याच तोंडून जात होती.

वित्तोरोसने ती ओळ म्हटली. पण थांबला नाही. मुखवट्याचं लांब नाक त्याने दुकानावरच्या खिडकीकडे वळवलं आणि वहीत नसलेल्या ओळी म्हणू लागला:

"खिडकीमागे बसली बाई टाकून लांब गळ,
गळाला लावली भाची घरची, काय अक्कल, काय कळ!
पहिला मासा जकातवाला दोरी तोडून पळाला,
दुसरा बघा घाण्यावरचा, लागलाच की गळाला!"

मग हशा उसळला, एवढा मोठा की कबुतरं उडाली. सगळ्या माना वर वळल्या. झग्याच्या फटीतून फियोरूलाला खिडकी दिसली. आत्या हसत होती. रीतच तशी. उघड्या तोंडाने दुसरं काय करणार? ती हसत होती आणि एका हाताने खिडकीचं दार घट्ट धरून होती. दुकानाच्या दारात बाबा उभे राहिले होते, चेहरा आवाजाच्या दिशेने. त्यांचे ओठ हलत होते. यमक शोधत होते. पण त्यांच्याकडे मुखवटा नव्हता.

आता बोलायचं होतं नवरीने. मारिनोसची पाठ वाट बघत होती.

फियोरूलाने झगा टाकून दिला.

ती गोलाच्या मधोमध गेली, वही छातीशी धरून, तोंड उघडं. आणि यमक नाही, ताल नाही, ती ओरडली, "मला कुणी पाठवलं नव्हतं! मीच खोटं बोलले! बार्बा मारिनोस टाक्यांबद्दल काही म्हणाले नव्हते, आणि आत्या त्यांच्यासाठी खिडकीशी येत नव्हती. दोघांनाही मीच सांगितलं. आत्याला काहीच माहीत नाही!"

मग न्हाव्याने टाळी वाजवली. "वा! यंदा जानेतोसने नवीन काढलं! ओळी पुरवणारीच नाटकात!"

"पोरगी काय रडते बघ, अगदी खरं!" सिओरा कातेरिना कौतुकाने म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांनी साखर लावलेले बदाम फेकले, ते फियोरूलाच्या केसांत अडकले. "नाही हो!" ती म्हणाली, "हे नाटकातलं नाही!" तर आणखी हसले. गोलाच्या आत बोललेलं सगळं नाटकच, असं आमच्या लोकांच्या हाडात बसलंय. वित्तोरोसने तिच्यापुढे कमरेत वाकून नमस्कार केला, जणू दोघांनी मिळून बसवलं होतं.

एक जण हसला नाही. गुलाबी गालांच्या मुखवट्याआड मारिनोसने ते नीट ऐकलं होतं, आणि त्याने ते खरं मानलं. एक तर लबाड बाईने त्याला फसवलं होतं, नाहीतर एका पोरीने. खिडकीत त्याच्यासाठी कुणी बसलेलं नव्हतंच.

"पुढची ओळ, पोरी," न्हावी दबक्या आवाजात म्हणाला. "लोक थांबलेत."

आणि फियोरूलाने काय करावं? सात माणसं कागदी नाकं लावून उभी होती. तिने नाक पुसलं, वही उघडली, आणि नवरीची ओळ वाचली. "मन माझं साफ झालं, राग गेला दूर." मारिनोस सपाट आवाजात म्हणाला, "मन माझं साफ झालं, राग गेला दूर." वित्तोरोसला पिठात बुडवलं. तो पांढराफटक होऊन बाहेर आला आणि सगळ्यांत जास्त टाळ्या त्याला मिळाल्या. मारिनोस बोलायला घरी आला नाही.

सोमवारी सकाळी दाराच्या पायरीवर लग्नाचा झगा होता. नीट घडी केलेला, निरोप नाही. आत्याने तो आत आणून खुर्चीवर ठेवला आणि उपवासाच्या पहिल्या दिवसाची चपटी भाकर मळायला बसली. दुकानाच्या वरची ती खिडकी बंद होती. निळा रुमालही डोक्यावर नव्हता.

"फियोरूला," आत्या पिठाकडे बघत म्हणाली. "ते टाक्यांचं... तेवढं तरी तो म्हणाला होता का ग? एखादा शब्द?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं! ते जिभेवर तयारच होतं.

"नाही, आत्या. मीच म्हणाले."

आत्याने पीठ दोनदा दाबलं. "छान म्हणाली होतीस," ती म्हणाली.

फियोरूलाला ते सहन होईना. ती उठली आणि पळत घाण्यावर गेली. हंगाम संपला होता; मारिनोस जातं खरवडून धूत होता.

"आज कसला निरोप?" तो म्हणाला.

"निरोप नाही. मी डोळ्यांनी बघितलेलं सांगते. पहिल्यांदा ती येत नव्हती. पण मग यायला लागली. खरंच तुमच्यासाठी यायला लागली, बार्बा. घाणा थांबायच्या आधीच शिवण घेऊन बसायची. मी जिन्यावरून बघत होते."

मारिनोसने पाणी ओतलं. ते काळं होऊन नाल्यातून गेलं.

"हेही छान आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तू चांगलं सांगतेस. बापावर गेलीस."

"शपथ!"

"शपथ कशाला घेतेस? सकाळी झगा ठेवायला आलो तेव्हा बघितली मी खिडकी. बंद आहे." आणि तो पुन्हा खरवडायला वाकला.

फियोरूला घरी परतली. रस्त्यात तिने काही ठरवलं नव्हतं. आत्या अजून मळतच होती. पीठ केव्हाच तयार झालं होतं. फियोरूलाने स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि खिडकीचा आकडा काढला.

आत्याचे हात थांबले. तिने मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर जी आशा उमटली ती बघून फियोरूलाच्या घशात एक गोड ओळ आपोआप वर आली.

"कोण आहे ग खाली?" आत्याने विचारलं.

फियोरूलाने वाकून रस्त्याच्या दोन्ही टोकांना नीट बघितलं.

"कुणी नाही," ती म्हणाली, आणि खिडकीचं दुसरं दारही उघडलं.